बाकी? बाकी काय नाय!

नेदरलँड्समध्ये येऊन सहा वर्षं झाली, पण पहिल्या आठवड्यातला एक किस्सा नवरा अजून चारचौघांत रंगवून सांगतो, त्यापेक्षा मीच सांगून टाकते. ऑफिसात शेजारच्या डेस्कवरचा माणूस सकाळी दहाला माझ्याकडे वळून म्हणाला, "बाकी?" मी सातारच्या सवयीने मनातल्या मनात 'बाकी काय, मजेत' म्हणत हसून मान हलवली. दोन मिनिटांत टेबलावर काळीकुट्ट कॉफी हजर. इथे कॉफीच्या कपाला लाडाने बाकी म्हणतात, बाकी काही नाही.

(इथल्या 'कॉफीशॉप'मध्ये कॉफी सोडून गांजा मिळतो तो जोक सगळ्यांना माहितीय, तो मी करत नाहीये.)

ऑफिसात कॉफी आणून द्यायला पोऱ्या नसतो. जो उठेल तो आजूबाजूच्यांना विचारतो, तुला काय, तुला काय, आणि मशीनवरून ट्रे भरून आणतो, मॅनेजरसुद्धा. मी दोन आठवडे आयती कॉफी पीत बसले, म्हटलं किती मायाळू माणसं! मग एक दिवस एकीने सरळ तोंडावर सांगितलं की तू अजून एकदाही आणली नाहीस. रागाने नाही हां, बुटाची नाडी सुटलीय असं सांगावं तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सहा कप आणले, त्यातले दोन चुकवले, कारण त्यात एक होती 'कॉफी फरकेर्ट', म्हणजे शब्दशः चुकीची कॉफी. अर्धं दूध घातलं म्हणून चुकीची! यांना आपल्याकडच्या लग्नातली कॉफी पाजली पाहिजे एकदा.

आता मुद्द्यावर येते, बिस्किट. आमच्या मराठी ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी लिहितंच, डच लोक किती चिकट, कॉफीबरोबर एकच बिस्किट देतात आणि डबा बंद करून ठेवतात. खरंय ते. माझी शेजारीण, पंचाहत्तरीची आजी, अगदी असंच करते. पत्र्याचा डबा उघडणार, माझ्यासमोर धरणार, मी एक घेतलं की झाकण टक्. दुसऱ्या कपाबरोबर परत उघडेल कदाचित. तिच्या ड्रॉवरमध्ये डाऊवे एग्बर्ट्स या कॉफी ब्रँडच्या पुड्यांवरून कापलेल्या पॉइंटांच्या कुपनांचा रबर लावलेला गठ्ठा आहे, ती स्कीम १९२४ मध्ये सुरू झालेली म्हणे आणि तिच्या आईनेही जमवलेले. (नवऱ्याचा लिम्बुर्गचा कलीग म्हणतो हे सगळं 'नद्यांच्या वरचं', म्हणजे उत्तरेकडचं आहे, आमच्या दक्षिणेत डबा उघडाच असतो. असेल बाबा.)

पण मला हल्ली हे चिकटपणाचं वाटत नाही. ही बाई मला दोन आठवडे आधी डायरीत लिहून बोलावते, मंगळवार साडेदहा, आणि त्या दीड तासात टीव्ही बंद, फोन आतल्या खोलीत, मी बोलते ते ती खरंच ऐकते. आपल्याकडे फरसाण, चिवडा, लाडू सगळं पुढ्यात असतं आणि यजमानीण पूर्ण वेळ किचनमध्ये, तिच्याशी दोन वाक्यं बोलायला मिळाली तर नशीब. मला विचाराल तर मी दीड तास घेईन. लाडूपण घेईन म्हणा.

एकदा तिला चिडवायला म्हटलं, तुमची कॉफी आमच्याकडूनच गेलीये. १६९६ मध्ये डच कंपनीने मलबारच्या किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावाला नेली, ती पुरात गेली, मग १६९९ मध्ये परत नेली, आणि जावाचं एक झाड १७०६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आलं, त्याचंच पिल्लू १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट दिलं. आणि १८३० पासून डच सरकारने जावाच्या शेतकऱ्यांकडून कॉफी, ऊस, नीळ सक्तीने पिकवून घेतली तेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, म्हणाली, हो, ते वाईटच होतं, आणि विचारलं, अजून एक बाकी?

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. आजीने दोघींना बोलावलं. आजीने विचारलं कॉफी?, आणि आईने अर्थातच, जसं आपण म्हणतो तसं, हात हलवून "नको नको, कशाला उगाच" केलं. भाषा कळली नाही तरी हाताचं 'नको' कळलंच. आजीने "ओके" म्हणून दोनच कप भरले. मला काय होतंय ते कळेपर्यंत झाकणही टक् झालेलं, आई रिकाम्या हाताने हसत बसलेली. मी मध्ये बोलले असते तर आईचाच अपमान, म्हणून गप्प. घरी आल्यावर आई म्हणाली, "अगं, मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं, परत एकदा विचारायचं तरी!" दोन दिवस तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात आजी भेटली तेव्हा आईने स्वतःहून मोठ्याने "कॉफी, या!" म्हटलं. इथे 'या' म्हणजे 'हो'. आजीने डायरी काढली.

माझंही काही बरं नाही. डिसेंबरात साताऱ्याला मावशीकडे गेले, तिने दारातच विचारलं "चहा घेणार ना गं?" आणि मी पहिल्याच फटक्यात "हो, चालेल" म्हटलं. मावशी क्षणभर बघतच राहिली. मग आत गेली, आतून पातेल्यांचा बराच आवाज आला, आणि ती पदर खोचत बाहेर येऊन धाकट्याला म्हणाली, "पळ, कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध आण, हिने खरंच हो म्हटलंय."