बाहेर लटकणारं कुलूप

आईबाबांच्या सोसायटीत, सिंहगड रोडला, मागच्या महिन्यात बी विंगमध्ये घरफोडी झाली. भरदुपारी. काका-काकू लग्नाला कोल्हापूरला गेलेले, आले तर कपाट उघडं आणि दागिने गायब. तेव्हापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू झालंय ते अजून थांबलेलं नाही, आणि बाबा मला रोज त्यातलं निवडक फॉरवर्ड करतात, त्यामुळे मी इथे लंडनमध्ये बसून तिकडचा वॉचमन किती वाजता झोपतो हे सांगू शकते. आत्तापर्यंत ठरलंय ते असं की कामवाल्या मावशींना पास द्यायचे, जाताना त्यांच्या पिशव्या बघायच्या आणि आणखी आठ कॅमेरे लावायचे. त्यात एका काकांनी टाकलं, "फॉरेनमध्ये बघा, असलं काही होत नाही."

होतं हो काका. इथे तर नवरात्र-दिवाळी आली की आपल्या लोकांच्या वस्तीत पोलीस पत्रकं वाटतात, सोनं घरात ठेवू नका, घालून फिरलात तर झाकून फिरा वगैरे. कारण २२ कॅरेटचं सोनं, तेही घरातच, कपाटात साड्यांच्या घडीखाली, हे चोरांना आपल्या सुनांपेक्षा जास्त पक्कं माहीत असतं. आमच्याच रस्त्यावर एक गुजराती कुटुंब गरब्याला गेलं तेवढ्या तीन तासांत त्यांचं घर साफ झालं. पोलीस आले, ठसे घेतले, क्राइम नंबर म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक दिला, संपलं. आणि पोलीस आले हेसुद्धा विशेष समजा, कारण घरफोडी झाली की आम्ही प्रत्यक्ष जाऊन बघू हे इंग्लंड-वेल्सच्या सगळ्या पोलीस दलांनी मिळून जाहीर केलं तेच मुळी ऑक्टोबर २०२२ मध्ये! म्हणजे त्याआधी काय होतं ते तुम्हीच समजून घ्या. शंभर घरफोड्यांमागे दहा जणांवरसुद्धा आरोप ठेवला जात नाही इथे. क्राइम नंबरचा उपयोग इन्शुरन्सला, आणि इन्शुरन्सवाल्यांनी त्या गुजराती ताईंना विचारलं की पाटल्यांचं बिल आहे का. आजेसासूबाईंच्या पाटल्या, त्यांचं कसलं बिल! शिवाय एका वस्तूला अमुकच पौंड, अशी मर्यादा पॉलिसीत बारीक अक्षरात होतीच.

तर पोलीस आणि पैसे या दोन्ही बाबतीत इकडे स्वर्ग आहे असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट मला इथे आल्या आल्या खटकली होती आणि आता पटलीये. पहिल्यांदा भाड्याच्या घराची किल्ली मिळाली तेव्हा मी दाराला बाहेरून कडी शोधत होते, पुण्याहून आणलेलं पितळी कुलूप पर्समध्ये होतं माझ्या, खरंच. कडी नव्हतीच. इथलं कुलूप दाराच्या आत असतं, त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला घरात कोणी आहे, झोपलंय की महिनाभर भारतात गेलंय, काही कळत नाही. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो म्हणून लोक दिव्याला टायमर लावून जातात, शेजारची म्हातारी आपला कचऱ्याचा डबा आत-बाहेर करते, दारात अडकलेली पत्रं आत ढकलते. १९८२ मध्ये मॉलिंग्टन नावाच्या गावात यांनी याची रीतसर योजनाच सुरू केली, नेबरहूड वॉच, आता खांबाखांबावर पाट्या आहेत. आपल्या वाड्यात हे पाटी न लावता चालायचं.

आणि आपण काय करतो? गावाला जाताना दाराबाहेर मूठभर मोठं कुलूप लटकवतो. म्हणजे जिना चढून येणाऱ्या कुणालाही कळावं की या घरात कोणी नाहीये, शांतपणे कामाला लागा. वर दुधाची पिशवी आणि तीन दिवसांचे पेपर. पेपरात बातमी कायम तीच असते ना, बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून. कुलूप महागातलं घेतो पण ते ज्या कोयंड्यात अडकवतो तो चार आखूड स्क्रूंवर उभा, कटावणीला दोन मिनिटं पुरतात. बी विंगमध्ये कुलूप म्हणे शाबूत होतं, उपटलेल्या कोयंड्याला तसंच लटकत. याच्यावर ग्रुपमध्ये एक मेसेज नाही. मावशींच्या पिशव्यांवर दोनशे.

ज्या मावशींची पिशवी तपासायची त्यांनीच, म्हणजे त्या काकूंकडे नऊ वर्षं काम करणाऱ्या बाईंनी, दार उघडं बघून पहिला फोन केला होता. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्या, कॅमेरे लावा, माझं काही म्हणणं नाही, पण हे वाचून मला लाज वाटली. तसं बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तुला तिथून बोलायला काय जातं." हेही खरंच आहे म्हणा.

इथल्या दारांचंही फार कौतुक नको. यांच्या प्लॅस्टिकच्या दारांत किल्ली घालायचा जो सिलिंडर असतो तो मध्ये बारीक असतो, बाहेर जरा आला असेल तर पकडीने कटकन मोडतो, म्हणून आम्ही सुरक्षिततेचे तीन तारे मिळालेला, न मोडणारा बसवून घेतला. आणि हँडल वर उचलून किल्ली फिरवायची असते, नुसतं दार ओढून चालत नाही, हे माझ्या नवऱ्याला सांगून सांगून मी दमले.

मग मी आईला म्हटलं दागिने लॉकरमध्ये ठेव, तर तिला बँकेचा भरवसा नाही. तिचं अगदी चूक नाही, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे लॉकर फुटला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच, म्हणजे तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. पण घरी ठेवून तेवढेही मिळणार नाहीत ना! भारत गृह रक्षा नावाची जी घराची पॉलिसी मिळते तिच्यात साधी घरफोडी येतच नाही, आग-पूर असं काही झालं तर त्यामुळे पुढच्या सात दिवसांत झालेली चोरी तेवढी येते. बाबांना वाटत होतं सगळं कव्हर आहे.

शेवटी आईबाबांनी सुताराला बोलावून दाराच्या आतलं, लाकडात बसणारं कुलूप लावून घेतलं, चांगलं तीन दांड्यांचं. परवा ती दोघं मामाकडे नाशिकला निघाली. व्हिडिओ कॉलवर बघते तर दाराला बाहेर त्यांचं जुनं पितळी कुलूप लटकतंय. मी म्हटलं, आई, अगं हे कशाला आता?

"असू दे गं," आई म्हणाली, "ते दिसलं नाही तर रिक्षात बसल्यावर मला वाटतच राहतं, कुलूप लावायचं राहिलं की काय."