बरोबर तारीख (पर्यायी)

१९०० हे लीप वर्ष नव्हतं. शतकी वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. एक्सेलला मात्र मान्य नाही. त्याच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० ला एक धरून मोजलेला दिवसांचा आकडा. एका चौकटीत ६० लिहा, तिला तारखेचं रूप द्या; २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस हजर!

ही चूक मूळची लोटस १-२-३ ची, म्हणजे एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची. लोटसच्या शीट्स बिनबोभाट चालाव्यात म्हणून एक्सेलवाल्यांनी ती जाणूनबुजून उचलली. आता काढायची तर जगभरच्या शीट्समधल्या तारखा एकेका दिवसाने सरकतील. त्यामुळे ती पगडीच्या भाडेकरूसारखी बसून आहे.

आमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधला एक्सेल फाइल वाचणारा भाग ज्याने लिहिला, तो मात्र प्रामाणिक माणूस. त्याने १ जानेवारी १९०० पासून खऱ्या कॅलेंडरने दिवस मोजले. झालं! मार्च १९०० पासूनची प्रत्येक तारीख एक दिवस पुढे. ३१ मार्चची पावती थेट १ एप्रिलला, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात. (तो नंतर कॅनडाला गेला. असा कोड लिहिणारे कॅनडालाच जातात.)

एका ओळीचं काम होतं. मी केलं, टेस्टिंगवाल्यांनी पास केलं, अपडेट गेलं. दुसऱ्या दिवशी एका पतसंस्थेतल्या हिशेबनीस काकांचा फोन.

"अहो, काय करून ठेवलंत? सगळ्या तारखा चुकल्या आमच्या."

"काका, उलट आता बरोबर झाल्यात."

"बरोबर आमच्या पहिल्यापासूनच होत्या. आम्ही एक दिवस वजा करूनच पाठवतो ना!"

त्यांच्या शीटमध्ये 'सॉफ्टवेअरची तारीख' नावाचा खास कॉलम होता. असे काका गावोगावी निघाले. मॅनेजर म्हणाले, "दुरुस्ती राहू दे, पण कस्टमरचं काही बदलता कामा नये." हे वाक्य ते गंभीरपणे बोलू शकतात, म्हणूनच ते मॅनेजर आहेत.

शेवटी सेटिंगमध्ये एक चौकोन आला: 'तारखा बरोबर वाचा'. आपसूक बंद. म्हणजे कुणी काही न केल्यास सॉफ्टवेअर इमानदारीने चुकीचंच वाचणार. यात आम्हीच काही वेगळे नाही. पीएचपी या वेबसाइट लिहिण्याच्या भाषेत डेटाबेसकडे जाणारा मजकूर सुरक्षित करणारं 'मायएसक्यूएल एस्केप स्ट्रिंग' हे फंक्शन कमी पडलं, तेव्हा ते तसंच ठेवून शेजारी 'मायएसक्यूएल रिअल एस्केप स्ट्रिंग' आणून बसवलं होतं. रिअल! म्हणजे आधीचं काय नाटकातलं होतं?

नव्या टेस्टर मुलीने लगेच तक्रार नोंदवली: 'चौकोन रिकामा ठेवल्यास तारखा चुकतात.' मी 'अपेक्षित वर्तन' असा शेरा मारून ती बंद केली. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

काकांनी काल तो चौकोन उत्सुकतेपोटी टिचकी मारून पाहिला. वजाबाकीचा कॉलम अर्थातच तसाच ठेवून. आता त्यांना तिसरा पर्याय हवाय: तारीख बरोबर वाचायची, आणि मग एक दिवस मिळवायचा. मॅनेजरांना कल्पना आवडली आहे.