मार्शल लॉमध्येही पोलिसांच्या शस्त्राचा हिशेब राहतो

सध्या गोव्यात मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला की पोलिसांना कोणतेही शस्त्र, कामावर असोत वा नसोत, कुठेही बाळगता येते, परवाना लागत नाही आणि जाबही द्यावा लागत नाही, असे त्यात म्हटले असून पुराव्यादाखल फिलिपिन्सचे नाव घेतले आहे.

परवान्याबद्दलचा पहिला मुद्दाच उलटा मांडला आहे. सरकारी शस्त्रासाठी पोलिसाला परवाना आज, शांततेच्या काळातही, लागत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ ने लोकसेवकाला ती सूट दिली आहे, मात्र कर्तव्य बजावताना बाळगलेल्या शस्त्रापुरतीच. स्वतःचे पिस्तूल घ्यायचे तर शिपायालाही इतरांसारखा परवाना काढावा लागतो. निवडणुकीत सत्तरी तालुक्यातल्या बागायतदारांना पीकरक्षणाच्या बंदुका जमा कराव्या लागतात आणि पोलीस तेवढे सशस्त्र दिसतात, त्यातून हा गैरसमज पसरला असावा.

जाब देण्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. आपल्या संविधानात मार्शल लॉचा उल्लेख अनुच्छेद ३४ मध्ये येतो, पण शस्त्र कोणी बाळगावे याबद्दल तेथे अक्षरही नाही. मार्शल लॉ असलेल्या भागात सुव्यवस्था राखताना सरकारी सेवकांनी केलेल्या कृत्यांना संसद कायदा करून संरक्षण देऊ शकते, असे तो अनुच्छेद सांगतो. आणि ज्याअर्थी असे संरक्षण वेगळा कायदा करून द्यावे लागते, त्याअर्थी त्यावाचून जाब विचारता येतो, हे उघड आहे. मराठी माणसाला आठवतो तो सोलापूरचा मे १९३० मधला मार्शल लॉ परकीय सत्तेचा होता. संविधान लागू झाल्यापासून भारतात तो एकदाही पुकारलेला नाही. आणीबाणी ही निराळी गोष्ट आहे, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर तिच्यातही जीविताचा हक्क स्थगित करता येत नाही.

फिलिपिन्सचा दाखला तर संदेशाच्याच विरोधात जातो. तेथील अध्यक्ष मार्कोस यांनी १९७२ मध्ये मार्शल लॉ पुकारला तेव्हा सहाव्या सर्वसाधारण आदेशाने, रीतसर अधिकार दिलेला नसेल तर घराबाहेर बंदूक नेण्यास मनाई झाली, म्हणजे बंधने वाढली. तेथील १९८७ चे संविधान तर स्पष्टच म्हणते की मार्शल लॉने संविधान स्थगित होत नाही.

राहिला प्रश्न बाळगलेले शस्त्र चालवण्याचा, म्हणजे गोळीबाराचा. बेकायदा जमाव पांगवण्यासाठी सैन्य बोलवावे लागले तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम १४९ नुसार, काम साधेल इतक्या कमीत कमी बळाचाच वापर करण्याचे बंधन त्या सैन्याच्या अधिकाऱ्यावर असते.