गुळगुळीत म्हणजे निसरडं नव्हे

तुमचा आक्षेप असा, की थ्रीडी प्रिंटरवर थर रचून छापलेल्या एबीएस प्लास्टिकच्या सरकपट्टीला अ‍ॅसिटोन या एबीएस विरघळवणाऱ्या द्रवाची वाफ देऊन आरशासारखी चमक आणली तरी ती खाचेत अडखळते. मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबा हा माझा सल्ला अर्धवट आहे, आणखी गुळगुळीत करायला हवं.

मला नेमकं उलट वाटतं. थरांच्या कडा कानशीसारख्या समोरच्या भागाला खरवडतात, म्हणून त्या घालवायच्याच. पण त्या गेल्यावर उरणारं घर्षण बरंचसं चिकटण्यातून येतं. दोन चकचकीत पृष्ठभाग एकमेकांना जास्त जागी टेकतात आणि दोन्हीकडे तेच प्लास्टिक असेल तर पकड आणखी वाढते. हळू सरकवताना बसणारे झटके त्याचेच.

वाफ दिल्यावर पट्टी किती वेळ ठेवली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अ‍ॅसिटोन वरच्या थरात मुरतो. हाताला कोरडी लागणारी पट्टीही आतून मऊ असते आणि तशीच बसवली तर तिच्यावर खाचेचे वळ उमटतात. निदान ४८ तास हवेशीर जागी ठेवा, जाड भाग असेल तर त्याहून जास्त.

ही पट्टी टाकून देऊ नका. आधी ४००, मग ६०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून सरकण्याच्या दिशेनेच घासा. कोरडं घासलं की प्लास्टिक तापून पेपरात भरतं आणि नवे चरे पडतात (पीएलए हे छपाईचं दुसरं प्लास्टिक तर ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतं). धुऊन वाळवा आणि पट्टी आणि खाच यांच्यातली फट कॅलिपरने मोजा. दोन्ही बाजू मिळून ०.३ ते ०.४ मिमी हवी. भाग मुळात घट्ट असेल तर वंगण काही करू शकत नाही. फट बरोबर असेल तर ग्राफाइटची बारीक पूड सुती फडक्याने दाबून चोळा आणि सैल पूड झटका. ग्राफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे सर्किटजवळ ते नको. तिथे पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे, आधी टाकाऊ तुकड्यावर मारून पाहून. गंज सोडवायचे स्प्रे मात्र लांबच ठेवा. ताणाखालच्या एबीएसला त्यांनी तडे जाऊ शकतात.

ग्राफाइट टिकत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं. हालचाल सततची किंवा भार जास्त असेल तर वरवरचे उपाय पुरत नाहीत, जोडीच बदलावी लागते: एका बाजूला एबीएसऐवजी अ‍ॅसिटल या निसरड्या प्लास्टिकची पट्टी किंवा पॉलिश केलेली स्टीलची दांडी. आणि नवीन पट्टी छापाल तेव्हा थरांच्या रेषा हालचालीला समांतर येतील अशी ठेवा, म्हणजे घासायचं कामही बरंच कमी होईल.