बंदीच्या दोन महिन्यांचं भाडं कोणी भरायचं?

आज मालवणच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या एका काकींनी फोन पुढे केला. "माका सांग, हे एकशे अठरा रुपये खंय गेले?" विक्री १,८५० रुपयांची, खात्यात आले १,७३२. मधले ११८ म्हणजे साउंडबॉक्सचं, म्हणजे क्यूआरवर पैसे आले की बोलून सांगणाऱ्या डब्याचं, महिन्याचं भाडं १०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. महिना जुलै. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या. काकी सोडे, सुकट आणि सुके बांगडे घेऊन बसल्यात. डबा सकाळपासून जेमतेम दोन-चार वेळा बोललेला, भाडं मात्र पूर्ण कापलेलं.

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

यूपीआयवर शुल्क लागणार अशी हाकाटी अधूनमधून होतेच. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयानं ती बातमी खोटी असल्याचं जाहीर केलं. बरं केलं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे टक्क्यानं कापलं जाणारं शुल्क, घेता येत नाही, कायद्यात तसं कलमच आहे. पण सगळी चर्चा टक्क्यांभोवती फिरते. भाड्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

जरा हिशोब मांडू. बंदीच्या महिन्यात काकींकडे क्यूआरवरून दहा हजार रुपये आले असं धरा. ११८ म्हणजे १.१८ टक्के. आता कार्डाचं बघा. रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून लावलेल्या मर्यादेनुसार, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला रुपे सोडून इतर डेबिट कार्डावर मशीनने व्यवहार केला तर जास्तीत जास्त ०.४० टक्के एमडीआर. दहा हजारांवर ४० रुपये. म्हणजे फुकट म्हणून गाजलेला मार्ग कार्डाच्या एमडीआरच्या जवळजवळ तिप्पट महाग पडला. सीझनमध्ये तेच भाडं ऐंशी हजारांच्या विक्रीवर पडतं तेव्हा ते ०.१५ टक्क्याच्या आत येतं आणि कोणाला टोचत नाही. टोचतं ते हात रिकामे असतात तेव्हा.

आणि बँकांना काहीच मिळत नाही असंही नाही. २०२४-२५ साठी केंद्रानं १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली: छोट्या दुकानदाराला आलेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारावर ०.१५ टक्के. पाचशेच्या बांगड्यामागे पंचाहत्तर पैसे, तेही बँका आणि अॅपवाले वाटून घेतात. मान्य, तेवढ्यात सर्व्हर चालत नाही. त्या योजनेत दहा-दहा टक्के रक्कम दोन अटींवर राखून ठेवली होती: तांत्रिक बिघाडानं अडकलेले व्यवहार ०.७५ टक्क्याच्या आत हवेत आणि सिस्टीम ९९.५ टक्क्यांहून जास्त वेळ चालू हवी. उत्तम अटी. मग तिसरी अट घालायला काय हरकत आहे, की मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत डब्याचं भाडं घ्यायचं नाही?

डबा परत कर म्हणून सांगणारे भेटतील. त्यांनी एकदा मासळी साफ करून बघावी. हाताला खवले, पाणी, बर्फ, समोर चार गिऱ्हाईकं. फोनला हात लावायचा कसा? आणि खोट्या अॅपवर "पेमेंट सक्सेसफुल"चा हिरवा पडदा दाखवून जाणारे पर्यटक काही कमी नाहीत. डबा बोलला नाही तर पैसे आले नाहीत, हे बाईमाणसाला एका क्षणात कळतं. वस्तू कामाची आहे, यात वाद नाही. डब्यात सिम असतं आणि पावसात रेंज गेली की डबा गप्प होतो, एवढं मात्र ध्यानात ठेवा. पैसे आलेले असतात, आवाज येत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाशी भांडू नका, बँकेचा मेसेज किंवा अॅपमधली यादी बघा.

काकींच्या फोनवर कपात शोधायला वेळ गेला, कारण ती दिसते ती वेगळ्याच जागी. आपल्यातल्या ज्यांच्या घरी क्यूआर आहे त्यांनी आजच बघा. दुकानदाराच्या अॅपमध्ये सेटलमेंट किंवा पेआउट उघडा. एका दिवसाच्या रकमेवर बोट ठेवलं की एकूण विक्री, कपात आणि खात्यात जमा असे तीन आकडे येतात. भाडं तिथेच वळतं होतं. तिथे दिसलं नाही तर आपल्या यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे बघा, मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, तिथे असतो आणि तिथूनच रद्द होतो. पण आधी कंपनीला लेखी कळवा, नाहीतर थकबाकी चढत राहते.

होमस्टेवाल्यांनो, तुमचं दुखणं वेगळं. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा नाही. २ टक्के ठरला असेल तर ६,००० च्या बिलावर १२० अधिक जीएसटी २१.६०, हातात ५,८५८.४०. क्यूआरवरही सगळंच फुकट नसतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कोणी पैसे दिले, तर २,००० पर्यंत छोट्या दुकानदाराला शुल्क नाही, त्याहून जास्त रकमेवर लागतं. वॉलेटमधून २,००० च्या वर आले तर १ एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज (दुकानदाराच्या बाजूनं वॉलेट कंपनीला जाणारा आकार) आहे आणि तो पाहुण्याकडून घ्यायचा नसतो. बँक खात्यातून थेट आलं तर काही नाही. पाहुण्याला आधीच सांगा, "बँक खात्यावरून करा." तेवढ्यानं भागतं.

आणि "कार्डवर २ टक्के जादा"च्या पाट्या उतरवा. मशीनचं भाडं पावसाळ्यातही चालू असतं, ते मला कळतं. तरी डेबिट कार्डाचा एमडीआर ग्राहकाकडून वसूल करू नये, असंच रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. आपल्याकडे आलेल्या माणसाच्या बिलात असं काही चढवणं कोकणात शोभत नाही.

गिऱ्हाइकाचे कापले गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत, तर पाच दिवसांत ते त्याला परत मिळायला हवेत. त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई, हा २०१९ पासूनचा नियम आहे. मागितल्याशिवाय मिळतेच असं नाही, तेव्हा मागा.

पुन्हा भाड्याकडे येतो, कारण राग तिथेच आहे. काकींना डबा देताना पोऱ्यानं "फ्री आहे" म्हणून सांगितलं. सही घेतली ती फोनच्या पडद्यावर, इंग्रजी अटींखाली. भाडं किती, कधीपासून, बंद कसं करायचं, काही सांगितलं नाही. सरकारला दुकानदाराच्या पेमेंटच्या खर्चाची खरंच काळजी असेल, तर डबा देताना मराठीत छापलेला दरकागद हातात द्यायची सक्ती आधी करावी.

तोवर अर्ज करा. अर्जात क्यूआरवरचा मर्चंट आयडी, डब्यामागे चिकटवलेला नंबर, कपातीच्या तारखा आणि रकमा, आणि एकच मागणी: जून-जुलैचं भाडं परत करा, नाहीतर डबा घेऊन जा. अॅपमधून तक्रार टाकली की तिचा नंबर लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ वर फोन लावा. काकींचा अर्ज मी लिहून दिलाय. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकतो, नाव आणि तारखा बदलून वापरा.