ट्रेडमधले सुट्टे पैसे

आयपीएलचा मेगा लिलाव, म्हणजे बहुतेक खेळाडू पुन्हा बोलीला येतात तो, बंद करा, असा आग्रह २०२४ मध्ये काही फ्रँचायझींनी धरला. पोरं आम्ही घडवायची आणि तीन वर्षांनी ती दुसऱ्यांनी उचलायची, ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण भारतातल्या या वादात खरी अडचण बाजूलाच राहते. आयपीएलच्या ट्रेडमध्ये खेळाडू द्या नाहीतर रोख मोजा. त्यांच्यापलीकडे तिसरं चलनच नाही. इथे अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगकडे ते आहे : ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीचे, ३१ ते ६० क्रमांकांचे पिक. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची संघांनी आळीपाळीने केलेली निवड, पिक म्हणजे त्यातला निवडीचा हक्क. दुसऱ्या फेरीत तळाचा संघ आधी निवडतो, अव्वल संघ शेवटी.

पुढे दिग्गज ठरलेला निकोला योकिच ४१ वा निवडला गेला होता, तसाच मनू जिनोबिली ५७ वा. पण ते अपवाद. आपला सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पन्नाशीतल्या पिकचं बहुतेकदा असंच होतं. तरी हे पिक सुट्ट्या पैशांसारखे लागतात. पहिल्या फेरीचे पिक लागोपाठच्या दोन वर्षांचे देऊन टाकता येत नाहीत. दुसऱ्या फेरीला हे बंधन नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जे क्राउडर या खेळाडूसाठी मिलवॉकी संघाने असे पाच पिक मोजले. शिवाय संघाच्या एकूण पगाराची ‘सेकंड एप्रन’ ही वरची मर्यादा ओलांडलेल्या संघाला आता ट्रेडमध्ये रोख पाठवता येत नाही, त्यामुळे यांची गरज आणखी वाढली.

नुसता आकडा मोजला की फसगत ठरलेली. पिक कोणाचा, कुठल्या वर्षाचा आणि संरक्षण काय, म्हणजे कुठल्या क्रमांकांना तो देणाऱ्याकडेच राहतो, हे आधी पाहायचं. ‘३१ ते ५५ संरक्षित’ पिक ५६ किंवा त्याखाली घसरला तरच हाती येतो, म्हणजे देणारा संघ साखळीत पहिल्या पाचांत आला तर. एरवी देणं तिथेच संपतं. प्रत्येक संघाने काहीतरी द्यायलाच हवं, या नियमापुरता तो कागदावर असतो. उलट तळाच्या संघाचा ३१ वा पिक कित्येकदा २८ व्यापेक्षा सोयीचा : पहिल्या फेरीत पगार ठरलेला आणि दोन वर्षं हमीचा, दुसरीत हमी किती द्यायची ते वाटाघाटीवर.

आयपीएलला ड्राफ्ट नको, पण राइट टू मॅच कार्ड, म्हणजे लिलावात दुसऱ्याने लावलेली बोली देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क, ट्रेडमध्ये देता यायला हवं. २०२४ च्या लिलावात पंजाबकडे अशी चार कार्डं होती. सहा खेळाडू राखलेल्या कोलकात्याकडे एकही नव्हतं आणि त्यांचा विजेता कर्णधार श्रेयस अय्यर २६.७५ कोटींना पंजाबकडेच गेला. एखादा होतकरू गोलंदाज देऊन कोलकात्याला कार्ड विकत घेता आलं असतं, तर घडवलेल्याची किंमत दोन्हीकडे झाली असती.

अडतं ते नियमांपाशी. २०१८ मध्ये हे कार्ड होतं, २०२२ मध्ये नव्हतं, २०२४ मध्ये परतलं आणि तेही लिलावाच्या जेमतेम दोन महिने आधी जाहीर होऊन. उद्या असेल की नाही हेच ठाऊक नसलेल्या हक्काचा भाव कोण ठरवणार? एनबीएत पुढच्या सात वर्षांपर्यंतचे पिक विकले जातात, कारण तिथले नियम खेळाडू संघटनेशी झालेल्या दीर्घ करारात बांधलेले असतात. बीसीसीआयने पुढच्या मेगा लिलावाचे नियम आताच छापून द्यावेत. लिलाव बंद करायचा की नाही, हे त्यानंतर बोलू.