निजामाच्या झेंड्यावरचा तो गोल चंद्र नव्हे

17 सप्टेंबर जवळ आला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर दरवर्षी एकच मजकूर फिरतो: 'निजामाचा झेंडा हिरवा, चांदताऱ्याचा. दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांनी सात कुलचे दिले म्हणून बरोबर सातच निजाम झाले. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून तो एकाच दिवशी उतरला.' यंदा भाच्यानं हेच भाषणासाठी पाठ करायला घेतलं, तेव्हा म्हटलं, आता लिहावंच.

झेंडा हिरवा नव्हता, पिवळा होता. शेवटच्या काळातल्या झेंड्याला वर-खाली हिरव्या पट्ट्या होत्या, एवढंच. मधे पांढरा गोल आणि उर्दू अक्षरं. त्या गोलाला लोक परंपरेनं कुलचा म्हणत आले, म्हणजे भाकरीसारखी गोल रोटी. चांदतारा कुठून आला ते मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

कुलच्याची गोष्ट मात्र आपल्याच घरची, आणि नेमकी तीच दिल्लीला नेऊन ठेवली. दिल्लीचे अवलिया 1325 मध्येच वारले. पहिला आसफजाह, म्हणजेच पहिला निजाम, साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनचा मालक झाला तो 1724 मध्ये. मधे चारशे वर्षं! दंतकथेतले संत आहेत औरंगाबादचे शाह निजामुद्दीन, त्यांचा दर्गा शहरातच आहे. पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे त्यांनी पुढे केले, आसफजाहनं सात खाल्ले आणि सात पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद मिळाला, असं सांगतात. दंतकथा म्हणून गोड आहे, पुरावा मागायला जाऊ नये.

सातचा हिशोबही वाकडा आहे. बापाकडून मुलाकडे मोजत गेलं तर शेवटच्या निजामापर्यंत, उस्मान अलीपर्यंत, पिढ्या सातच भरतात. पण 1748 मध्ये पहिला आसफजाह गेल्यावर नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग असे तिघे गादीवर बसून गेले. त्यांना धरलं तर राज्यकर्ते दहा. आसफजाह हा किताब नसलेल्यांना यादीतून वगळलं की भविष्य आपोआप खरं होतं.

आता आठ जिल्हे. तेव्हा मराठवाड्याचे जिल्हे पाचच होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना 1981 चा, लातूर 1982 चा, हिंगोली 1999 चा. एकाच दिवशी उतरला हेही खरं नाही. सोलापूरकडून आलेलं भारतीय सैन्य 13 सप्टेंबरलाच नळदुर्गात होतं. 17 ला शस्त्रसंधी झाली, म्हणून तो मुक्तिदिन. आणि त्याआधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकवायलाच बंदी होती. 15 ऑगस्ट 1947 ला मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. मजकुरात त्यांना एक ओळसुद्धा नाही, याचा मला जास्त राग येतो.

भाच्याला म्हटलं, चांदतारा खोड आणि तिथं स्वामीजींचं नाव लिही. कुलच्याची गोष्ट ठेवायचीच असेल तर 'असं सांगतात' म्हणून ठेव. पहिला आसफजाह खुलताबादला पुरलेला आहे, तो काही तक्रार करायला येणार नाही.